आमची डोक्याची चाचणी

१२ मार्च, बुधवार. सकाळी ढगाळ, अकरानंतर कडक ऊन, वारा नाही.

ठाण्याच्या एका हॉस्पिटलात मी मेंदूविकारांच्या ओपीडीत क्लार्क आहे. इथे किस्से गोळा करावे लागत नाहीत, केसपेपरबरोबरच येतात! मी फक्त कळव्याला घरी गेल्यावर वहीत उतरवते.

मोटर न्यूरॉनच्या आजारात हातपाय, जीभ हळूहळू थांबतात. काहींच्या विचारांवरही परिणाम होतो. तो तपासायची चाचणी परदेशी. डॉक्टर करंदीकर म्हणाल्या, "कांबळेताई, तुम्ही एवढं बारीक लिहिता, ही मराठीत आणायला बसा माझ्याबरोबर." मी बारावी पास! पण बसले.

* * *

एक गोष्ट ऐकवायची, पेशंटने ती परत सांगायची. मूळ गोष्टीत एक बाई बर्फात फिरायला जाते. मी शब्दाला शब्द उतरवली. वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम केलेले सावंत ऐकून म्हणाले, "ते राहू दे हो, घरच्यांनी तिला एकटीला सोडलीच कशी?"

पुढचं काहीच त्यांना आठवेना.

आम्ही बाईला भाजी आणायला कळव्याच्या बाजारात पाठवली. आता सावंतांना सगळं आठवलं. वर तक्रार, "कोथिंबीर विसरली ना ती!"

* * *

आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. एका आजोबांना प्राण्यांची नावं विचारली, तर मुलगा, सून, मेहुणे सगळे सुरू!

"नातेवाइकांनी गप्प बसायचं," डॉक्टर कडाडल्या.

मग मेहुण्यांनी शाळेतल्यासारखं बोट वर केलं. "मॅडम, एक राहिला. मुंगूस!"

त्या दिवसापासून नियम: नातेवाईक बाहेर.

* * *

डोंबिवलीचे निवृत्त शिक्षक, जोशी सर. बोलणं गेलेलं, लिहिता येत होतं. आम्ही वाक्य अर्धं द्यायचं, त्यांनी मुद्दाम भलताच शब्द भरायचा. सरांनी लिहिलं, "चुकीचं उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही."

नियमाने शून्य गुण! मला पटेना. म्हटलं, "सर, तुमच्या वर्गातला सगळ्यात वात्रट मुलगा काय लिहील, ते लिहा."

"सूर्य पूर्वेला..." पुढे सरांनी लिहिलं, "चप्पल." खाली कंसात: "पाटील, दहावी ब."

ती सूचना आता आमच्या छापील चाचणीत आहे. पाटीलचं नाव वगळून!

* * *

आणि आज सकाळचं. काशिनाथकाका, कळव्याच्या खाडीकडचे, जन्म मिठागरात गेलेला. आता बोलणं नाही, हात नाहीत. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. गिळता येत नाही म्हणून पोटात नळी घालायची का, यावर घरात तीन मतं. काकांना कोणी विचारलेलंच नव्हतं. मुलगा म्हणाला, "बाबा डोक्यानं गेलेत. उगाच हसतात, उगाच रडतात."

डॉक्टर म्हणाल्या, "आधी चाचणी."

शेवटच्या प्रश्नात मीठ पिकवण्याची चार चित्रं क्रमाने लावायची होती. चित्रं आणि उत्तर दोन्ही मीच केलेली: पाणी सोडणं, पायांनी जमीन तुडवणं, मीठ ओढणं, ढीग. मी एकेका चित्रावर बोट ठेवत गेले, काकांनी पापणीने तुडवणं आधी घेतलं. परत विचारलं. परत तेच. आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

दारातून मुलगा म्हणाला, "बघा! सांगितलेलं ना?"

चित्रं आणि उत्तराचा कागद उचलून मी बाहेर बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, हिराकाकींकडे गेले. त्याही मिठागरातल्याच. काकांनी काय निवडलं ते न सांगता त्यांना क्रम विचारला.

"आदी जमीन तुरवाची, घट्ट कराची. मंग पानी सोराचा." मग माझ्या हातातलं उत्तर बघून म्हणाल्या, "ह्या कोनी लिवलंय गो?"

"मी."

काकी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

डॉक्टरांनी माझं उत्तर खोडलं, शेजारी सही केली. काकांना चारपैकी चार.

मग मुलाला आत घेतलं आणि त्याच्यासमोर काकांना विचारलं, "नळी घालायची?"

पापणी एकदा मिटली. उद्या सकाळी दहाला नळी.