नाहीदची अकरा उपकेंद्रं

नाहीद चहा बशीत ओतून प्यायची. थुंकी लावून पान उलटणाऱ्याच्या हातावर चापट मारायची, मग तो डॉक्टर का असेना. फोनवर कुणी औषधाचं विचारलं की आधी म्हणायची, "पेशंट समोर हाये का?"

गडचिरोलीतल्या एका आरोग्य प्रशिक्षण केंद्रात ती ग्रंथपाल होती. कपाटं भरलेली, खुर्च्या रिकाम्या. जंगलातली नर्स एका शंकेसाठी साठ किलोमीटर येणार नाही, हे तिने ओळखलं होतं. म्हणून फोन सुरू केला. सिस्टरांनी विचारायचं, हिने पुस्तकांतून, संशोधनांतून शोधून तासाभरात सोप्या मराठीत सांगायचं. दोन वर्षांनी केंद्राच्या साहेबांनी तो बंद करायचं काढलं. गरज असल्याचा पुरावा आणा, म्हणाले.

नाहीदने उपकेंद्रांना फॉर्म पाठवले. सगळे भरून आले. पुस्तकं मिळतात, वाचतो, अडचण नाही. साहेबांनी तेच कागद तिच्यापुढे सरकवले.

ती धानोऱ्याकडे कमळा सिस्टरपाशी जाऊन बसली. कमळाने आधी हसून घेतलं.

"जिल्ह्यातून कागद आला म्हणजे तपासणीच ना, बाई. 'अडचण आहे' लिहून कोण मरते? मले बदलीवर सिरोंच्याले नाई जायचं."

चूक आपली, हे नाहीदला कळलं. अशा पाहण्यांवरचे अभ्यास तिने वाचून काढले. त्यांत एक साधी रीत होती: मत विचारू नका, घडलेलं विचारा. शेवटचं कुठे अडलात, कुणाला विचारलंत, पुढे काय झालं. फोनचा निर्णय ज्या बैठकीत व्हायचा होता, तिच्याआधी वीस उपकेंद्रं करायची ठरवून ती सुटी टाकून निघाली. अकरा पुरी झाली. त्यांतल्या नऊ सिस्टरांनी त्या वेळी कुणालाच विचारलं नव्हतं. अंदाजाने औषध दिलं होतं. एक सांगताना रडली.

बाराव्या ठिकाणाहून ती ताप घेऊन आली. भाऊ रईस रक्त तपासून ये म्हणत राहिला. "बैठक होऊ दे," एवढंच ती म्हणाली. मलेरिया मेंदूत गेला. पाचव्या दिवशी नाहीद गेली. एकेचाळीस वर्षांची होती.

बैठकीत तिचे अकरा कागद ठेवले. वीस ठरले होते ना, साहेबांनी विचारलं. फोन बंद झाला.

बारावा कागद तिच्या पिशवीतच राहिला. दिव्यानी सिस्टरने विचारलं होतं: सिकलसेलची बाई, आठवा महिना, दुखणं थांबत नाही, काय द्यायचं? खाली दिव्यानीचा नंबर होता. उत्तरासाठी अर्धं पान कोरं सोडलेलं.