पडवी गेली, छप्पर राहिलं

गेल्या चक्रीवादळात जासईजवळच्या माझ्या माहेरच्या घराचे पत्रे उडाले. तेव्हापासून माझी आई, आमच्या बोलीत आये, शेजाऱ्यांकडे झोपते. "नवीन पनवेलला माझ्याकडे ये" म्हणून मी घसा कोरडा केला, पण तिला घर पुन्हा उभं करायचंच आहे. तळोज्यात एका शेडमध्ये भल्यामोठ्या पंख्याने छपरांची परीक्षा घेतात असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, हिला तिथेच न्यायचं. डोळ्यांनी बघितलं की घाबरेल आणि मुकाट्याने येईल, असा माझा डाव.

पनवेलपर्यंत एसटीने, पुढे रिक्षाने गेलो. कारखान्यांचा वास सुरू झाला तसा आयेने नाकाला पदर लावला. जाणार असाल तर आधी परवानगी काढा, बंद बूट घाला आणि खाऊन जा. आम्ही स्टँडजवळ मिसळ हाणली म्हणून निभावलं.

तिथल्या इंजिनिअर बाईंना मी आधीच घराचे जुने फोटो पाठवले होते. त्यांनी तसाच लहान नमुना उभा केला होता, घराचे पत्रे सलग पुढे पडवीवर उतरलेले. पंखा सुरू झाला. वारा पडवीखाली शिरला, पडवी उचलली गेली आणि जाताना घराचे पत्रेही उपटून घेऊन गेली.

"आमचा आसाच झाला," आये म्हणाली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या नमुन्यात पडवी थोडी खाली, वेगळ्या खांबांवर, घराच्या छपराला न जोडलेली. पडवी उडाली. घराचे पत्रे थरथरले, पण जागेवर राहिले.

"मधल्या फटीतून पानी नाय येनार?" आयेने विचारलं.

"वरून पत्र्याची पट्टी टाका, मावशी. उडाली तर उडू दे," बाई म्हणाल्या.

"फिरून लावा पंखा. जोरात."

बाईंनी लावला. छप्पर जागेवरच राहिलं.

परतताना ती बोटांवर पडवीचे खांब मोजत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी गावचा वेल्डर आला. माझ्या फ्लॅटमधली तिच्यासाठी आवरलेली खोली रिकामीच राहणार, हे मला कळून चुकलंय. वाईट वाटतं, पण तिचा अभिमान त्याहून जास्त वाटतो.

"काकी, सलग पत्रा टाकू. घर दिसंल बी बेस," तो म्हणाला.

"नाय. पडवी येगली."

"आन उडाली तं?"

"परत बांदीन. घर तं राहील ना माजा!"