बक्कलबाई

"बाई, ते तिकडं मरून राह्यली, अन् तुम्ही इथी पट्टे आवळून राह्यल्या. काऊन? माणूस हाय का दगड?"

हे ओरडणं माझं. भर दुपारी, चैताच्या उन्हात, सरकारी दवाखान्याच्या अंगणात. तेव्हा माझा आवाज असा होता की मी गोंडपिपरीच्या अलीकडे शिंकलो तर चांद्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. त्या दिवशी उडालेली कबुतरं संध्याकाळपर्यंत खाली बसली नसणार. समोर माझा मेहुणा सायकलीसकट धुळीत आडवा पडला होता. सासुरवाडीहून बारा मैल सायकल हाणत त्याने निरोप आणला होता. माझी बायको पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी गेलेली, काल सकाळपासून अडली होती. बाळ आडवं आहे, आणि गावच्या सुईणीने हात टेकले आहेत.

ज्यांच्यावर मी ओरडत होतो त्या बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून डाव्या पायाचं दुसरं बक्कल लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सहा राह्यले," त्या म्हणाल्या.

एकूण अकरा असत. दोन्ही पायांच्या चामडी पट्ट्यांना तीन-तीन, जाड फौजी कोटाला दोन, टोपाला हनुवटीखाली एक आणि हातमोज्यांना मनगटापाशी एकेक. बाई आमच्या दवाखान्याच्या नर्स होत्या, मी कंपाउंडर. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं. चाळीस मैलांचा मुलूख त्यांना बक्कलबाई म्हणे. लढाईतून उरलेली एक फटफटी बांबूच्या एका ठेकेदाराने दवाखान्याला दान दिली होती. सगळ्यांना वाटलं, डॉक्टर चालवतील. डॉक्टर तिच्याकडे एकदा बघून आजारी रजेवर गेले. बाईंनी पांढऱ्या लुगड्याचा काचा मारला, तिच्यावर बसल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्यावरून एका बाळंतपणाला निघाल्या. फटफटीबरोबर एका पेटीत टोप, धुळीचा चष्मा, कोट आणि बाकीचा सरंजाम आला होता. दुसऱ्या कोणी त्यातला टोप चुना कालवायला वापरला असता. बाईंनी पेटीतली एकूण एक वस्तू अंगावर चढवली, आणि पुढे सहा वर्षं रस्त्यावर उतरवली नाही.

त्या साजात त्या कशा दिसत, हे सांगून पटणार नाही. एकदा जंगलातल्या वळणावर एक अस्वल दोन पायांवर उभं राहिलं, बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि घरातलं मोठं माणूस आल्यासारखं बाजूला झालं. मी मागे बसलेलो होतो, मी पाहिलं आहे. लोक म्हणत, बाईंचा नवरा असाच फटफटीवरून पडून गेला असणार, म्हणून बाईंनी एवढं मनावर घेतलं. मी एकदा हळूच विषय काढला.

"हाय नं नवरा," बाई म्हणाल्या. "वर्ध्याला असते. त्याले फटफटीचं भेव वाटते."

मला राग यायचा तो त्यांच्या वेळेचा. मी मोजलं होतं. अकरा बक्कलांना माझ्या दोन विड्या पुरत नसत, तिसरी पेटवावी लागे. दारात कुणाचा तरी बाप, भाऊ, नवरा हात जोडून उभा. बैलं खोळंबलेली. कुणी रडतो आहे, कुणी शिव्या देतो आहे. आणि बाई आपल्या शेवटचं बक्कल दातांनी ओढताहेत, कारण डावा हात मोज्यात गेला की उजव्याचं बक्कल बोटांना सापडत नसे. एकदा तर आम्ही एवढ्या उशिरा पोचलो की मूल जन्मून, बारसं होऊन, चालायला लागून आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आलं. बरं, एवढं नसेल. पण नाळ कापून झाली होती, हे शपथेवर सांगतो.

मी चिडून बोललो की त्यांचं एकच उत्तर. "भाऊ, मी वाटेत पडली तं तीन जीव जाते. उशिरा गेली तं निदान पोचते तरी." हे बोलताना आवाज चढत नसे. भांडणाला आलेल्या माणसाला समोरून निदान थोडा तरी आवाज मिळायला हवा की नाही. बाईंशी भांडणं म्हणजे विहिरीत ओरडणं, आणि विहीरही निदान परत ओरडते.

त्यात मला त्यांच्या मागे बसावं लागे, कारण औषधांची पेटी धरायला माणूस हवा. आणि मागे बसणाऱ्यालाही मोकळ्या डोक्याने बसायची बंदी. टोप एकच होता. म्हणून बाईंनी बुरडाकडून बांबूची घट्ट विणीची टोपली करून घेतली, आत सावरीचा कापूस भरून गोधडीचं अस्तर शिवलं, खाली बांधायला नाडा लावला. बुरडाने जन्मात डोक्याचं माप घेतलं नव्हतं. त्याने कोंबड्या झाकायच्या डालग्याचा धाकटा भाऊ विणून दिला. तो घालून मी भर बाजारातून जायचो. मी, ज्याला तालुक्यात अर्धे लोक डॉक्टरसाहेब म्हणत. भाजीवाल्या म्हाताऱ्या विचारत, "कंपाउंडरभाऊ, अंडी उबवून राह्यले का?" टोपलीवरही भागत नसे. मागे बसणाऱ्याच्या तळहातांना बाई जुन्या तंबूच्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळत, रोगी असल्यासारख्या. बांधून झाल्या की प्रत्येक गाठीखाली बोट घालून ओढून बघत. सैल निघाली की पुन्हा पहिल्यापासून.

गावाबाहेर पडलो की मी टोपली हळूच मांडीवर काढून ठेवायचा प्रयत्न करायचो. बाईंना मागे डोळे नव्हते, पण फटफटी थांबायची. बाई उतरून मैलाच्या दगडावर बसायच्या. मी नाडा बांधेपर्यंत झाडं बघत बसायच्या. तीनदा असं झाल्यावर मी नाद सोडला.

ठेकेदारालाही त्यांनी सोडलं नाही. तो एकदा फोटो काढणारा घेऊन आला. आपण दिलेल्या फटफटीवर, आपल्या नर्सच्या मागे, जरीचा फेटा बांधून आपण बसलो आहोत आणि फटफटी धावते आहे, असा फोटो त्याला हवा होता. बाईंनी टोपली पुढे केली. ठेकेदार हसला. बाई हसल्या नाहीत.

"फेटा हाय नं, बाई," तो म्हणाला.

"फेटा सुटते. उतरा."

"फटफटी माझी हाय, मालूम हाय नं? उद्या परत नेतो."

"न्या," बाई म्हणाल्या. "पुढच्या बाळंतपणाले मंग तुम्हीच जा."

फोटो उभ्या फटफटीचा निघाला. ठेकेदार एकटाच तिच्याशेजारी, फेट्यासकट.

तर अशा बाई त्या दुपारी सहा बक्कलं राहिली म्हणत होत्या, आणि बारा मैलांवर माझी बायको. दुसऱ्याच्या बायकोच्या वेळी मी तीन विड्या ओढत होतो. त्या दिवशी मला एकही पेटवायचं सुचलं नाही. सहाव्या बक्कलापासून अकराव्यापर्यंत मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बाईंचा नवरा, बाईंचे वडील, फटफटी बनवणारा गोरा साहेब, कुणालाच ठेवलं नाही. मेहुणा उठून मला आवरायला लागला. बाईंनी अकरावं दातांनी ओढलं, उठल्या, माझ्या डोक्यावर टोपली ठेवून गाठ मारली, बोट घालून बघितली. मग त्यांनी पेटीतून माझ्या हातांच्या पट्ट्या काढल्या.

"बाई, आता नाई," मी म्हणालो. हे मी ओरडलो नाही.

बाईंनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पट्ट्या पेटीत टाकल्या. "बरं. हाताचं राहू द्या," म्हणाल्या, आणि फटफटीला लाथ मारली.

सहा वर्षांत ही एकच सूट त्यांनी कुणाला दिली असेल.

रस्ता म्हणजे गाड्यांच्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा वरंबा. बाई चाकोरीतून नेत. मी पाठीमागून "दबवा, बाई, दबवा" करत होतो. टोपली डोळ्यांवर आली होती, त्यामुळे मला दिसत होती फक्त बाईंच्या कोटाची पाठ. नऊ-दहा मैल गेलो असू. एका वळणावर जंगलातली बांबूची वाट रस्ता ओलांडून नदीकडे उतरते. कापलेला बांबू गाड्यांनी तिथून नदीवर नेतात आणि तराफे बांधून सोडतात. गाडीच्या मागे बांबू एवढे लांब निघालेले असतात की बैल वळले तरी शेपूट अजून रस्त्यावर झाडू मारत असतं. तशीच एक गाडी तिथून उतरत होती, तिच्या शेपटाचं टोक बाईंच्या कपाळावर बसलं.

टोपाचा आवाज मी अजून ऐकतो. फटफटी एकीकडे, आम्ही दोघं दुसरीकडे, मुरमावर फरफटत. माणूस पडताना डोकं वापरत नाही, हात पुढे करतो. मीही केले.

उठलो तेव्हा बाई उठून उभ्या होत्या. टोपाला कपाळावर चीर गेली होती, चष्म्याची एक काच नव्हती, हातमोज्यांच्या तळव्यांच्या चिंध्या लोंबत होत्या. गाडीवान धावत आले. त्यांनी फटफटी उचलून बघितली, तिचं तोंड मागे फिरलेलं होतं. बाईंनी औषधांची पेटी उचलली आणि चालायला लागल्या. दोन मैल राहिले होते. मी मागे लंगडत. पेटी मी मागितली, त्यांनी माझ्या हातांकडे बघून दिली नाही. मी हात बघितले तेव्हा कळलं. तळव्यांची कातडी मुरमावरच राहिली होती.

"बाई, टोप तरी काढा, उन्हानं मराल," मी म्हणालो.

"काढाले बी तेवढाच वेळ लागते," त्या म्हणाल्या.

सासुरवाडीच्या अंगणात त्या तशाच शिरल्या, फुटका टोप, एका डोळ्यावर काच. सासूबाई देवासमोर जाऊन बसल्या. बायको नंतर म्हणाली, मला वाटलं यमदूत न्यायलाच आले. बाईंनी दारात उभं राहून मोज्यांच्या चिंध्या ओढून काढल्या. आतून हात निघाले. एवढासाही ओरखडा नाही. गरम पाण्यात, साबणाने, कोपरापर्यंत धुतले आणि आत गेल्या.

दार बंद झालं. मी बाहेर, दोन्ही हात वर धरून, चोरासारखा उभा. आता ओरडायला समोर कुणी नव्हतं. मेहुणी माझ्या तळव्यांवर हळद लावू बघत होती, आणि मी तिला म्हणत होतो, हात लावू नको, कुणी हात लावू नका. आत बाई त्या दोन हातांनी माझं आडवं मूल फिरवत होत्या. ते काम बोटांच्या शेंड्यांचं असतं. माझ्यासारखे हात घेऊन कुणी ते करू शकलं नसतं, एवढं कंपाउंडरलाही कळतं.

मुलगी पायाकडून आली. जरा निळी होती, मग रडली. बायकोही वाचली. बाईंनी बाहेर येऊन माझे हात धुतले, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या, गाठीखाली बोट घालून बघितलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटत होतं, बोलाव्यात. मग मला भांडता आलं असतं.

बावीस दिवस मला मुलीला घेता आलं नाही. सासूबाई घेत, मेहुणा घेई, शेजारची म्हातारी घेई, गावातला वाटेल तो येऊन घेई. माझ्यापुढे ती नुसती धरून दाखवत, बाजारात भोपळा दाखवतात तशी. ते बावीस दिवस मी एकच हिशोब घासत बसलो. अकरा बक्कलं लावली नसती तर आम्ही तीन विड्यांइतका वेळ आधी निघालो असतो. तेवढ्या वेळात ती गाडी अजून जंगलातच असती. आम्ही वळण पार करून गेलो असतो. म्हणजे पडलो कशामुळे? बक्कलांमुळे. हे मी डॉक्टरांना सांगितलं, शाळेच्या मास्तरांना सांगितलं, बाजारात भाजीवाल्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. मास्तर म्हणाले, तर्क बिनतोड आहे. बाईंच्या तोंडावर मात्र बोलायची छाती झाली नाही. त्यांनी मला नव्या मोज्यांची एक जोडी शिवून आणून दिली होती, आणि मी ती मुकाट्याने घालत होतो. आजही सायकलवर बसताना घालतो. बायको हसते.

चार वर्षांनी बाईंची बदली सिरोंच्याला झाली. सकाळी सामान बैलगाडीने पुढे गेलं, बाई फटफटीने निघायच्या होत्या. त्याच पायरीवर बसून त्या पायांचे पट्टे आवळत होत्या. अंगणात अर्धं गाव उभं. मुलगी माझ्या कडेवर. निरोप द्यायची वेळ आली की माझ्या तोंडून भांडणच बाहेर पडतं. आज नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी चार वर्षं घासलेला हिशोब सगळ्यांसमक्ष मांडला. तीन विड्या, जंगलातली गाडी, वळण, सगळं. मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी मान हलवली.

"बोला, बाई," मी म्हणालो. "ते अकरा बक्कलं नसते, तं आपण त्या गाडीच्या आधी निंघालो असतो का नाई?"

बाईंनी डाव्या पायाचं तिसरं बक्कल लावून घेतलं.

"ते शेवटली गाडी होती, भाऊ. तिच्याआधी चार त्याच वळणावर आडव्या गेल्या होत्या."