मेलेल्या मुलीचं नाव

"तुम्ही माझ्या आजीला मारून टाकलंत," क्लेअर म्हणाली.

आमचा व्हिडिओ कॉल चालू होता. क्लेअर आमची क्लायंट, क्युबेकची. कॅनडाच्या त्या भागात फ्रेंच चालते. आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला घराण्याची वंशावळ द्यायची, म्हणून तिनं आम्हाला काम दिलं होतं.

आम्ही बसतो अमरावतीत. हसू नका. आपल्याकडं वंशावळ म्हटली की जात पडताळणी आठवते आणि डोकं उठतं. तिकडं लोक हौसेनं करतात. जुन्या चर्चच्या नोंदी स्कॅन झाल्या आहेत. त्या वाचायला फ्रेंच येणारा माणूस लागतो, मग तो अमरावतीत बसला काय आणि आणखी कुठं बसला काय.

"रिपोर्टमध्ये लिहिलंय, माझी आजी रोझ-आना आठ महिन्यांची असताना वारली. मग माझ्या आईला जन्म कोणी दिला? आईनं जेवण टाकलंय. आजीचा फोटो भिंतीवरून उतरवलाय. म्हणते, मला वाढवणारी ती बाई होती तरी कोण?"

तो रिपोर्ट आमचे बॉस गावंडे सर यांनी स्वतः केला होता. मी सुट्टीवर होते. कॉल संपवला आणि थेट त्यांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, तिकडं एक म्हातारी उपाशी बसली आहे."

"मी काय करू मॅडम? बाप्तिस्मा भेटला, दफन भेटलं. मायबापाचं नाव बरोबर. मेलेल्या लेकराचं लगन होते काय कधी? पुढं लगन झालेली बाई दुसरीच असन. तिनं नाव घेतलं असन त्या लेकराचं."

"आणि हे तुम्ही तसंच लिहून पाठवलं?"

"खरं लिवाले कायचं भ्यायचं?"

मी स्वतः रिपोर्टला जोडलेले कागद पाहिले. बाप्तिस्मा म्हणजे चर्चमधलं बारसं. ते होतं. दफनही होतं. सर म्हणाले तसंच सगळं होतं. मलाही तोड दिसेना. मी हादरून गेले होते. एका बाईनं मेलेल्या पोरीच्या नावावर अख्खा संसार केला?

रविवारी अकोल्याला आत्याकडं गेले. माझं तोंड बघून तिनं विचारलं, "काहून वं, सुतकात असल्यावानी बसली?" मी सगळं सांगितलं. लेकरू मेलं म्हटल्यावर तिला स्वतःच्या आईचं आठवलं.

"माह्या आंधी दोन पोरी गेल्या मायच्या. म्हून मले दगडी म्हनलं. चांगलं नाव ठेवलं की देवाचं ध्यान जाते. दगड कोन नेते?"

आत्याचं नाव दगडाबाई, हे मला जन्मापासून ठाऊक. आपल्याकडं मूल गेलं की पुढच्याचं नाव धोंडू, नाहीतर दगडू. गेलेल्याचं नाव कोणी उच्चारतसुद्धा नाही. मग एकदम वाटलं, ही आपली रीत झाली. तिकडं काय करत असतील? हे आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

तिथूनच क्लेअरला मेसेज केला. तुमच्याकडं पूर्वी मूल गेल्यावर पुढच्याचं नाव काय ठेवायचे?

उत्तर आलं, "बहुतेक तेच. आजोबांच्या घरी तीन जोसेफ झाले, तिसरा जगला. का?"

मग पाठोपाठ दुसरा मेसेज. "अरे देवा!"

सोमवारी मी नोंदी पुन्हा उघडल्या. रोझ-आनाचा दुसरा बाप्तिस्मा आमच्याच शीटमध्ये होता. तेच आईबाप, दफनानंतर सव्वा वर्षानं. त्या ओळीवर लाल रंग आणि शेरा, 'डुप्लिकेट'. तिकडं चर्च प्रत्येक नोंद दोन प्रतींत ठेवायचं. एकच बाप्तिस्मा आम्हाला नेहमी दोनदा सापडतो, आम्ही एक उडवतो. तारीख जुळत नव्हती, ते सरांनी कारकुनाची चूक धरून सोडून दिलं. जिवंत मुलगी उडवली आणि मेलेली ठेवली.

सरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही तारखांवर बोट ठेवून पाहिलं. "मॅडम, मले वाटलंच नाई हो. मेल्या पोरीचं नाव कोन ठेवते?"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

कॉलवर सरांनी मोडक्या इंग्रजीत दुसऱ्या बाप्तिस्म्याचं सांगून स्वतः माफी मागितली. क्लेअरच्या शेजारी तिची आई होती. ती फ्रेंचमध्ये माझ्याशी बोलली.

"तुमचा रिपोर्ट मला लगेच खरा वाटला," ती म्हणाली. "आई आम्हाला कब्रस्तानच्या फाटकाशी थांबवून एकटी आत जायची. सात वर्षांची असताना मी एकदा मागं गेले. छोटा दगड होता, त्यावर आईचंच नाव. ती तो पुसत होती. मी घाबरून पळाले. कधीच विचारलं नाही."

मला रडू आवरलं नाही.

"म्हणजे ती बहिणीला भेटायला जायची," म्हातारी म्हणाली. मग क्लेअरला म्हणाली, "सूप आण. आणि आजीच्या फोटोचा खिळा कुठं ठेवलास?"

सरांनी रिपोर्ट नव्यानं केला, तोही माझ्याकडून तपासून घेतला. तारीख जुळत नसेल तर ओळ उडवायची नाही, आणि काही अडलं तर आधी क्लायंटला तिच्या घरची रीत विचारायची, एवढं आता आमच्याकडं ठरलं आहे. विचारायला एक मेसेज पुरतो.