नसीमआपांच्या गच्चीवरचं कमळ

नसीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्टीला भावाच्या शेतात हुरड्याला गेले होते. "ताई, नसीम गेली... तुम्ही जल्दी या," एवढंच त्यांचे पती रहीमभाई बोलू शकले. जालन्याच्या मस्तगडात आमच्या दोन घरांना मधली भिंत एकच. आमची मैत्री वाढली ती गच्चीवरून गच्चीवर बोलत, आणि अलीकडे तर बोलायला विषयही एकच उरला होता... त्यांचं कमळ.

उर्दू शाळेतून निवृत्त झाल्यावर आपांनी पूजेच्या दुकानातून कमळाच्या बिया आणल्या आणि ओट्याच्या दगडावर घासत बसल्या. टणक काळं कवच झिजून आतलं पांढरं दिसलं की बी पाण्यात टाकायची, म्हणजे कोंब फुटतो. कोंब फुटला. पण कमळ मोठ्या जातीचं, त्याला रुंद भांडं हवं, म्हणून त्यांनी घरात पाणी साठवायचा निळा ड्रम मधोमध कापून घेतला! जालन्यात नळाचा भरवसा न्हाई, अन् भरायचा ड्रमच कापला म्हणल्यावर रहीमभाई भडकले. "लोकायला प्यायला पाणी मिळून न्हाई राह्यलं, अन् तू फुलं लावून राह्यली?" आपांचा आवाज चढला नाही. "तुमच्या वाट्याचा थेंब घेणार न्हाई. माझ्या वाट्याचं वाचवून घालते." त्या दिवसापासून भाजी धुतलेलं पाणी फडक्यातून गाळून त्या वर नेऊ लागल्या.

पहिल्या खेपेला त्यांनी ताजं शेण घातलं. पाणी नासलं, मूळ कुजलं. पुढच्या वर्षी नवं रोप केलं, तर मूठभर युरियाने पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, आता नाद सोडतील. त्या मलाच म्हणाल्या, "उषा, भावाला सांग, तळ्यातला गाळ पाठव." भावाने टेम्पोत गोण्या टाकून दिल्या. मग तळाशी जुनं, पार मुरलेलं शेणखत, त्यावर जाड थर गाळाचा. पानं पाण्याच्या वर ताठ उभी राहीपर्यंत खताला हातही लावायचा नाही. त्यानंतर चमचाभर डीएपी कागदाच्या पुडीत बांधून कडेकडेने चिखलात खोल दाबायचं, कोंबापासून लांब.

पानं छत्रीसारखी पसरली, आणि त्याच उन्हाळ्यात आपांच्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिस सुरू झालं. दिवसाचं पाणी बाटलीत मोजून प्यायचं, ओठ कोरडे पडले तरी वर घोट नाही. दवाखान्यातून आल्या की कठडा धरत, मध्ये बसत त्या गच्ची गाठायच्या आणि ड्रम काठोकाठ भरायच्या. मला बघवेना. "आपा, राहू द्या ना आता," मी म्हणाले. त्यांनी चिखलाचा हात पदराला पुसला. "मला तहान लागून राह्यली, मंग त्याला बी सुकवू का? बिलकुल न्हाई."

पाऊस सुरू झाल्यावर कळी वर आली. एका सकाळी आपांनी भिंतीवरून हाक मारली. मी जाऊन पाहते तर ओंजळीत मावणार नाही एवढं गुलाबी फूल... आणि समोर खुर्चीत आपा. रहीमभाई आधीच तिथे उभे होते. ते खाली जाऊन आपांसाठी शाल घेऊन आले.

आपांना जाऊन आता काही आठवडे झाले. थंडी ओसरल्यावर परवा रहीमभाईंनी मला वर बोलावलं. चिखलावर नुसती वाळकी देठं उरली होती. "मेलं का हो, ताई?" मी म्हणाले, नसेल, हिवाळ्यात ते खालीच दबून असतं, असं आपा सांगायच्या. आम्ही सगळा चिखल उपसायला घेतला. आत हातभर लांबीच्या, गाठीगाठींच्या मुळांनी तळाला वेढेच घातले होते. वेगळी करून पुन्हा लावावीत म्हणून मी एक ओढायला गेले, तसे रहीमभाई गरजले, "हळू! टोक मोडलं की वर्ष गेलं!"

तो दम आपांचा होता, शब्दही त्यांचेच. मग रहीमभाईंनी बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात चिखलात घातले.