रंगरावांच्या फटफटीची खोड

मोताळ्याचे रंगराव मिस्त्री गावोगावची तेलाची इंजिनं दुरुस्त करत. हाताला यश होतं, पण कागदाचं भारी वावडं. घरी आलेल्या पत्रानं ते आधी हात पुसत, मग कुणाचं म्हणून विचारत. अशा माणसाच्या दारात नवा मोटारकायदा येऊन उभा राहिला, तेव्हा आम्हा शेजाऱ्यांना आधी हसूच आलं.

फटफटी कचेरीत नोंदवा, मालकीचा कागद दाखवा, नाहीतर महिनाअखेर गाडी जप्त. रंगरावांची फटफटी काळी, विलायती, पंधरा वर्षांची. मूळ कागद कुण्या गोऱ्या साहेबासोबत समुद्रापार गेलेले. चार वर्षांपूर्वी रंगरावांनी ती बैलबाजारात घेतली आणि बदल्यात बैल दिला. तो बैल त्यांच्या बायकोच्या, रुख्मिणीबाईंच्या माहेरचा, सर्जा. नवरा बैल घेऊन गेला आणि फटफट करत परतला, त्या दिवसापासून बाई त्या गाडीवर बसल्या नव्हत्या. माहेरीसुद्धा पायी जात.

आता फटफटी गेली की बैलही गेला आणि गाडीही. या वयात पाने-हातोडे खांद्यावर टाकून रंगराव किती गावं हिंडणार? मला त्यांची खरंच कीव आली.

"बाजाराची पावती भेटली असन नं?" मी विचारलं. पावतीशिवाय बाजारातून काही बाहेर काढलं की ते चोरीचं ठरे.

"भेटली होती. हरपली."

"हरपली नाई," रुख्मिणीबाई आतून म्हणाल्या. "माह्या पेटीत हाये."

बुलढाण्याला रंगराव नि मी फटफटीवर गेलो, बाई पावती पदराला बांधून सर्व्हिस मोटारीनं आल्या. नोंदणीचे साहेब नागपूरकडचे, कडक इस्त्रीतले. पावती वाचता वाचता त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. बाजारातल्या बद्रुद्दीन मुन्शींकडे छापील नमुना एकच, जनावराचा, आणि त्यांनी तोच इमानानं भरला होता. 'रंग काळा. शिंगं दोन, मागे वळलेली. दात नाहीत. वय अकरा. खोड : उजवीकडे ओढते. विकणार रहेमतुल्ला, अंगठा. बदल : बैल, नाव सर्जा, पांढरा, कपाळावर चांद.'

"ही तर म्हैस आहे!" साहेब म्हणाले.

"नाई साहेब, हे पाहा शिंगं," म्हणत रंगरावांनी अंगणात उभ्या फटफटीचं हँडल दाखवलं.

"काळ्या गाड्या पुष्कळ असतात. हीच ती कशावरून?"

"खोडीवरून," रुख्मिणीबाई बोलल्या. "चालवून पाहा नं."

साहेबांना ते झोंबलं. ते तडक गाडीवर बसले. "साहेब, हँडल डावीकडं दाबून धरा," असं रंगराव कळवळून सांगत होते, पण साहेबाला शिकवणारे हे कोण? गाडी वीस हात सरळ गेली, मग उजवीकडे कलत कलत शिपायांच्या पाण्याच्या रांजणावर आदळली. रांजण फुटला आणि साहेबांची सगळी इस्त्री चिखलात गेली. मी तोंडावर उपरणं धरलं.

साहेब उठले, विजार झटकली आणि कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. जनावर तेच आहे."

कारकुनानं पावती फायलीला लावायला घेतली, तशी बाईंनी ती त्याच्या हातून काढून घेतली.

"नक्कल करा. हा कागद माह्या सर्जाचा हाये. त्याचं नाव दुसरीकडं कुठंच लिवलेलं नाई."

"चुकलं माहं," रंगराव म्हणाले. हे ऐकायला बाईंना चार वर्षं लागली होती.

नक्कल झाली. बाईंनी पावतीची घडी पदराला बांधली, फटफटीपाशी गेल्या आणि माझ्या जागेवर बसल्या.

"भार डाव्या अंगाले ठेवीन मी," त्या म्हणाल्या. "चला."

मला सर्व्हिस मोटारीनं परतावं लागलं. मोताळ्यापर्यंत खिडकीतून पाहत होतो, फटफटी अगदी सरळ चालली होती.