सतराच्या पाढ्याचे फटाके

पालमच्या आठवडी बाजारात एक माणूस टीव्हीला जोडायचे कीबोर्ड विकायला बसायचा. कॅसेट घालून गणिताचे खेळ खेळायचे, जुन्या पद्धतीचे, स्वस्तातले कॉम्प्युटर. दाखवायला एक जुना डबा टीव्ही बॅटरीवर चालू असायचा. चित्र अडकलं की तो कॅसेट काढायचा, डोळे मिटून तिच्यात फुंकर मारायचा आणि परत बसवायचा. तेवढा वेळ भोवती जमलेली पोरं श्वास रोखून बसायची. माझ्या तासाला अशी कधी बसली नाहीत.

एकदा न राहवून मी म्हटलं, "ही माझ्या वर्गातली पोरं आहेत."

"लय गुणाची हायत, बाई," तो म्हणाला. "चुकली की हसतेत."

माझ्या वर्गात चुकल्यावर हसायची कुणाची बिशाद नव्हती. इथं बरोबर उत्तराला पडद्यावर फटाके फुटायचे आणि माझा जीव जळायचा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सतराचा पाढा विचारला. मांडीवर कीबोर्ड असल्यासारखी बोटं नाचवत सगळ्यांनी बिनचूक म्हटला. मी मोठ्यानं शाबास म्हटलं. कुणी माझ्याकडं बघितलंच नाही. सगळी पोरं कोऱ्या फळ्याकडं टक लावून फटाके फुटायची वाट बघत होती.